दोन बोटं जादा

दाखल्यावर नाव तिचंच होतं, खात्याचा नंबर तिचाच होता, खाली पतपेढीचा गोल शिक्काही नीट उमटला होता. फक्त मधला आकडा तिचा नव्हता. खिडकीच्या फळीवर कोपर टेकून तिने तो पुन्हा वाचला. मग एकं, दहं, शतं करत बोट ठेवून वाचला, जसं ती पाचवीतल्या पोरांना देशांची लोकसंख्या वाचायला लावायची. आकडा जागचा हलला नाही. गेली सहा वर्षं ती पैसे पैशांत मोजत नव्हती, महिन्यांत मोजत होती. त्या दूरच्या थंड गावात एका माणसाला महिनाभर राहायला काय लागतं, म्हणजे खोलीचं भाडं, खोली गरम ठेवण्याचा खर्च, बस, दूध, पाव, अंडी, एखादी डोकेदुखीची गोळी, हे सगळं मांडून तिने एक महिना ठरवला होता, आणि कितीही शिल्लक असली तरी तिला त्या महिन्याने भागायची सवय जडली होती. तिच्या वहीप्रमाणे आज साडेपाच महिने असायला हवे होते. कागदावर अकरा होते. अकरा, आणि वर दहा-बारा दिवस.

“अहो, हे चुकलंय,” ती म्हणाली.

कारकून निवृत्तीला टेकलेला माणूस होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला. “काय चुकलंय, बाई?”

“जास्त आहेत.”

“कमी आहेत म्हणून भांडणारे रोज येतात. जास्त आहेत म्हणून भांडायला आलेल्या तुम्हीच पहिल्या,” तो हसत म्हणाला, आणि तरीही त्याने मोठं रजिस्टर ओढून पानं उलटली. “बरोबर आहे की. शाळेतून तुमचे परस्पर येतात ते हे. आणि हे तुमच्या वडिलांचे. खात्यावर दुसरं नाव त्यांचंच आहे ना?”

“वडिलांचे?”

“दर महिन्याच्या सात तारखेला येतात. बसा म्हटलं तर बसत नाहीत, दुकान उघडं टाकून आलोय म्हणतात. सहा वर्षं झाली असतील. आधी पावती स्वतः भरायचे, अक्षर काय सुरेख होतं त्यांचं! आता दोन वर्षं मीच भरून देतो. त्यांना रेघा दिसत नाहीत ना. सही तेवढी करतात, तीसुद्धा मी कागदावर बोट ठेवतो तिथं.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत आहे की,” ती म्हणाली. इतकं धडधडीत खोटं ती वर्गातसुद्धा कधी बोलली नव्हती. मागच्या माणसाने “झालं का?” म्हणून विचारलं तेव्हा ती बाजूला झाली, दाखल्याची घडी करायला लागली, आणि चारदा घडी घालूनही कडा जुळेनात तेव्हा भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली. कानात एक बारीक शीळ सुरू झाली होती. समोर लोक बोलत होते, कुणीतरी नाणी ओतत होतं, शिक्के आपटत होते, पण हे सगळं काचेपलीकडं चाललं होतं. पायांत चपला आहेत की नाहीत तेही तिला सांगता आलं नसतं. पैसे गेले असते तर माणूस ओरडतो, रडतो, चार लोक जमवतो. दुप्पट झाले तर काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि आत, अगदी तळाशी, एक गोष्ट होती जिच्याकडे बघायचं तिने टाळलं असतं. पण बाकावर बसल्या बसल्या ती आपणहून वर आली. ती इथे कमी पैसे आहेत हे ऐकायला आली होती. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांची परवानगी काढून, पुढच्या तासाची पोरं दुसऱ्या बाईंच्या गळ्यात घालून, भर उन्हात चालत आली होती ती एवढ्याचसाठी. तिकडच्या शाळेचं पत्र येऊन बारा दिवस झाले होते. हे तिसरं पत्र. पहिल्या दोन वेळी तिने वही उघडली, हिशेब मांडला, पुरत नाहीत असं ठरवलं, आणि “सध्या काही अडचणींमुळे” असं लिहून नकार पाठवला. या वेळी शाळेने होकारासोबत शिल्लकेचा दाखला मागितला होता. किमान तीन महिन्यांचा खर्च स्वतःजवळ असावा, पहिला पगार दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मिळतो, उत्तर उद्या दुपारपर्यंत यावं. साडेपाच महिन्यांचा दाखला हातात आला असता तर तो बघून तिने मान हलवली असती, नऊ हवेत, साडेपाच आहेत, छे, जमायचं नाही म्हणाली असती, आणि जड पण स्वच्छ मनाने शाळेत जाऊन सातवीला वारे शिकवले असते. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात. तिने सहा वर्षं अंगण किती वाकडं आहे ते मोजण्यात घालवली होती. आज कुणीतरी ते सरळ करून ठेवलं होतं, तिला न विचारता.

नऊ हा आकडा तरी कुठून आला? सुरुवातीला तीनच होता. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती, आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि पहिलं पत्र आलं त्या दिवशी ती इतकी हुरळली होती की तिने रस्त्यातच ते तीनदा वाचलं. तीन महिन्यांचे पैसे लागतील, दीड वर्षात जमतील, असं ती बाबांना म्हणाली. बाबा मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवून विचारलं, “तीन म्हणजे बरोब्बर तीनच?” बाबा शिंपी. नुसते शिंपी नव्हे, मापाला शिवण्याचा ज्यांना तिटकारा आहे असे शिंपी. अंगाच्या मापाबरहुकूम कापणारा तो कात्रीवाला, शिंपी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक शिवणीच्या आत ते दोन बोटं कापड जादा ठेवायचे. माणूस वाढतो, आजारातून उठतो, सुखावतो. कपड्याने त्याला आत जागा द्यायला हवी. गिऱ्हाइकं कापड जास्त लागतं म्हणून कुरकुरायची आणि पाच वर्षांनी तोच सदरा सैल करून घ्यायला यायची. त्या घरात वाढलेली मुलगी तीनला तीन कसे म्हणणार? तिने चार धरले. मग विज्ञानवाली परत आली.

विज्ञानवाली म्हणजे शाळेतली तिची मैत्रीण. ती तिच्याआधी गेली होती, दीड महिन्याचे पैसे घेऊन, मोठ्या तोऱ्यात. घरमालकाने दोन महिन्यांचं भाडं आधीच मागितलं. कागदपत्रांत कुठलासा शिक्का राहिला होता म्हणून पहिला पगार दहा आठवड्यांनी झाला. बर्फात बुटांतून पाणी शिरायचं, आणि ही बया उकडलेली अंडी आणि पाव खाऊन मुलांना पोषक आहार शिकवायची. शेवटी शाळेतल्या शिपायाकडून तिकिटाला पैसे उसने घेऊन सत्र अर्धं टाकून आली. अजूनही शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला की ती ते सांगते, आणि प्रत्येक वेळी थंडी दोन अंशांनी वाढलेली असते. “पहिला पगार हातात पडेपर्यंत माणूस परदेशात नसतो गं, अधांतरी लटकलेला असतो,” ती म्हणायची. “ते तीन सांगतात ना? तू सहाचे ने.” चाराचे सहा झाले. पुढे विमानाचं भाडं वाढलं, तिला एकदा कावीळ झाली, तिकडं आजारी पडले तर कोण बघणार असं मनात आलं, आणि सहाचे नऊ झाले. दर वेळी दोन बोटं. पासबुक ती कधी भरून घेत नसे. पेरलेलं रोज उकरून बघायचं नसतं, हाही बाबांचाच नियम, आणि तो तिला फार सोयीचा पडला होता. पगारातून रक्कम परस्पर कापली जाई, वहीत ती एक ओळ लिही, बस्स.

पण खरं कारण हे नव्हतंच. खरं कारण होतं वीस सुया. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती दुकानात थांबायची आणि हातशिलाईच्या वीस सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवायची. आठ काळ्या, आठ पांढऱ्या, चार करड्या. मशीनचा दोरा बाबांच्या बोटांना सवयीने सापडायचा, पण सुईचं नेढं सापडेनासं झालं त्याला सहा-सात वर्षं झाली होती. बाबा शेजारी उभे राहून दिवसाची कामं सांगायचे, ती जिभेवर दोरा ओला करायची. ती गेली तर या सुया कोण ओवणार? हा प्रश्न तिने कधी कुणाला विचारला नव्हता. लोक हसले असते. त्यांनी सांगितलं असतं की सुया ओवायचं यंत्र मिळतं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांग, तुझ्याविना काय जग थांबणार आहे का. तिला ते सगळं ठाऊक होतं. तरी पत्र हातात घेतलं की तिला ती गादी दिसायची, रिकाम्या नेढ्यांची, आणि तिच्यावर वाकलेले बाबा. मग ती वही काढायची.

दाखला पर्समध्ये टाकून ती उठली. शाळेकडे जायचं होतं. पाय दुकानाच्या दिशेने वळले. रेघा दिसत नाहीत ना. कारकुनाने ते इतक्या सहज म्हटलं होतं, पाऊस येईल असं वाटतं म्हणावं तसं. सुया दिसत नाहीत हे तिला माहीत होतं, या वयात कुणाला दिसतात? पण रेघा? दोन वर्षं? एकेक गोष्ट आता मागून येऊन तिच्या पाठीवर थाप मारू लागली. बाबा हल्ली जिना उतरताना काहीतरी पुटपुटतात, ती समजायची नामस्मरण. ते पायऱ्या मोजत असणार. वर्तमानपत्र ते दुपारपर्यंत उलटं धरून बसले होते एकदा, ती हसली होती, तेही हसले होते. भाजीत दोनदा मीठ. “हा रंग तुला कसा वाटतो?” असं कापड पुढं करून विचारणं, तिला वाटायचं आपलं मत विचारतात, किती बरं वाटायचं! देशोदेशींच्या नद्या तिला उगमापासून मुखापर्यंत पाठ होत्या, आणि समोरच्या खुर्चीत बसून जेवणारा माणूस वाटी हाताने चाचपून शोधतो हे तिला दिसलं नव्हतं. वाटायला हवी होती तेवढी लाज तिला वाटली नाही, कारण धक्का अजून ओसरला नव्हता. नुसती चालत राहिली. चौकात एका सायकलवाल्याने “ओ ताई, बघून!” म्हणून आरोळी ठोकली. बघून, तिने मनाशी म्हटलं, आणि पलीकडे गेली.

मग दुसरा प्रश्न आला, आणि तो पहिल्याहून वाईट होता. सहा वर्षं हा माणूस पैसे भरत होता. म्हणजे त्याला ती जायला हवी होती. ती थांबत होती त्याच्यासाठी आणि तो तिच्या जाण्याची रक्कम भरत होता. घरात जेवताना दोघं समोरासमोर बसायची, ती म्हणायची, “यंदा काही जमेलसं दिसत नाही, बाबा,” आणि ते म्हणायचे, “बरं, बघू पुढच्या वर्षी.” त्या ‘बरं’मध्ये तिने सुटकेचा सुस्कारा ऐकला होता. तिची शपथेवर खात्री होती. तो सुस्कारा तिच्या जिवाचा आधार होता. आता तिला वाटू लागलं की सुस्कारा होता खरा, पण तो दमलेल्या माणसाचा होता.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या कोपऱ्यातली आठ पावलांची खोली. एके काळी तिथे तीन मशीन होती, आता एक. बाबा पँटच्या पायांची घडी उसवत बसले होते, मान एका बाजूला कलती, डोळे कापडावर नाहीतच, समोरच्या भिंतीवर. बोटं मात्र धाग्यावर. ती दारात उभी राहिली. असं बाहेरून, त्यांना न कळवता, तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी ती यायची तेव्हा ते उभे असायचे.

“कोण?” त्यांनी विचारलं. दारात, चार पावलांवर, भर दुपारच्या उजेडात.

“मी.”

“आज लवकर? बरं नाही का?”

“बाबा, मी पतपेढीत गेले होते.”

बोटं थांबली. “अच्छा,” ते म्हणाले. “तरीच. पत्र आलंय ना?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? बारा दिवस झाले, सगळ्या सुयांत पांढराच दोरा ओवून ठेवतेस. मागच्या दोन्ही वेळी असंच केलं होतंस. काळ्या पँटीला पांढरा दोरा म्हणून रोज कुणी ना कुणी गिऱ्हाईक ओरडून जातं.” ते हसले. तिने गादीकडे पाहिलं. वीसच्या वीस पांढऱ्या.

“तुम्ही पैसे भरता,” ती म्हणाली. “सहा वर्षं. मला न सांगता. आणि तुम्हाला दिसत नाही. तेही मला न सांगता. डॉक्टरकडे जाऊन आलात?”

“आलो की. ऑपरेशनने होण्यातलं नाही म्हणाले. बारीक काम बंद करा म्हणाले.”

“केव्हा?”

“झाली दोन वर्षं.”

“मग बंद का नाही केलंत?”

ते उठले, मागच्या पडद्याआड गेले, हाताने चाचपत एक पिशवी काढली. आतून जाड करड्या कापडाचा लांब कोट निघाला. त्या उकाड्यात तो नुसता बघूनच घाम फुटावा असा. “पहिलं पत्र आलं तेव्हाच शिवला,” ते म्हणाले. “म्हटलं, दीड वर्षात जायचीय. मग तू थांबलीस, आणि अंगानं भरलीस. दर वर्षी तुझे कपडे शिवतो, माप कळतंच. मग थोडा थोडा सैल करत गेलो. घाल बघू.”

तिने घातला. कोट खांद्यावर बसला, पाठीवर बसला, कमरेला बसला, जसा कालच तिच्यासाठी बेतला होता. बाबा तिच्याभोवती फिरून शिवणीवरून बोटं फिरवत होते. तिने पुढचा पदर उलटून आत पाहिलं. अस्तराच्या कडेला जुन्या टिपांच्या खुणा होत्या, एकीच्या बाहेर एक, पाच रेघा. आतल्या चार पट्टीने आखल्यासारख्या होत्या. पाचवी, सगळ्यात बाहेरची, डुलत डुलत गेली होती. एका जागी कापडाच्या काठाबाहेर पडून पुन्हा आत आली होती. आजवर तिने बाबांची वाकडी टीप पाहिली नव्हती. ती त्या रेघेकडे बघतच राहिली. तिने थांबून काढलेली सगळी वर्षं तिथे ओळीने लावलेली होती, आणि शेवटच्या वर्षाला डोळे नव्हते.

“आता आत काही उरलेलं नाही,” बाबा म्हणाले. “काठाला आलंय. अजून एक वर्ष थांबलीस तर हा कोट तुला होणार नाही.”

“दुकान किती दिवस चालवणार आहात, बाबा?”

“तू जाईपर्यंत.”

“आणि मग?”

“मग काय? दुसऱ्या दिवशी शटर ओढायचं, किल्ली मालकाला द्यायची. तुझी आत्या चार वर्षं बोलावतेय, तिच्याकडं मागची खोली पडलीय रिकामी. जायचं, जेवायचं आणि दुपारी झोपायचं. दुपारी झोपून किती वर्षं झाली ठाऊक आहे?” ते हे अगदी चवीने म्हणाले. “पण तुझे पैसे पुरेनात. तू म्हणायचीस चार, मी चाराच्या हिशेबानं भरायचो. मग तू म्हणालीस सहा. मग नऊ. म्हटलं, पोर शहाणी आहे, तिकडचं तिला जास्त कळतं. नऊ म्हणतेय म्हणजे अकरा तरी असावेत. म्हणून चालू ठेवलं दुकान. तूच सांग, एवढे कशाला लागतात गं?”

ती कोटात घामाने निथळत उभी होती. बोलायला तोंड उघडलं आणि तिला कळलं की जे सांगायचंय ते जगातलं सगळ्यात मूर्खपणाचं वाक्य आहे.

“सुया कोण ओवणार म्हणून थांबले मी,” ती म्हणाली.

बाबांचा हात तिच्या बाहीवर होता, तो तिथेच राहिला. त्यांचा चेहरा तिच्याकडे वळला, थोडा चुकून, तिच्या कानाकडे. बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. म्हणजे ती सुया ओवत होती म्हणून ते शिवत होते. ते शिवत होते ती जावी म्हणून. आणि ते शिवतायत, त्यांना सुया लागतात, म्हणून ती जात नव्हती. सहा वर्षं. चौथ्या वर्षी डोळ्यांनी नोटीस दिली होती, तरीही. दोघांपैकी एकाने एका संध्याकाळी जेवताना एक साधा प्रश्न विचारला असता तर हे सगळं तिथेच उलगडलं असतं. पण घरात एकमेकांना न दुखवण्याची फार जुनी सवय होती. बाबांनी खुर्ची चाचपली आणि ते हळूच बसले. त्यांना इतकं गोंधळलेलं तिने आई गेली त्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

“सुया?” ते म्हणाले. “अगं, सुया तुझ्यासाठीच तर लागत होत्या.”

तिला रडू आलं नाही. राग आला, स्वतःचा, त्यांचा, त्या विज्ञानवालीचा, महिन्याने भागायच्या त्या वहीचा. आणि तोही नीट येण्याआधी विरला. उरली ती नुसती सुन्न, जड शांतता, कोटाएवढी जड. तिने गळ्यापासून बटणं लावून पाहिली. चार लागली. पाचव्याच्या जागी नुसताच खडूचा ठिपका होता.

“तेवढं एक राहिलंय,” बाबा खाली बघत म्हणाले. “तुझं नक्की झालं की लावू म्हटलं होतं.” त्यांनी खणातून बटण काढून तिच्या हातावर ठेवलं. “पांढऱ्यानं नको हं.”

“उद्या दुपारपर्यंत होकार पाठवायचाय,” ती म्हणाली. “आज पाठवते.”

त्यांनी मान हलवली, दोनदा. तिने गादीतून एक सुई उपसली, पांढरा दोरा ओढून काढला, करड्या दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुई दारातल्या उजेडाकडे धरली. दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. तिने पुन्हा धरला. पुन्हा बाजूने. समोर सगळं पाण्यातून दिसावं तसं दिसत होतं. वर्षाला सात हजार सुया ओवणाऱ्या त्या बाईला ही एक जमेना.

“गेला का?” बाबांनी विचारलं.

“नाही अजून,” ती म्हणाली, आणि दोरा पुन्हा ओला केला.